फुंकणाऱ्याचा हात

आमच्या आणि गेरूमास्तरांच्या घरांमध्ये एकच भिंत आहे, आणि ती भिंत म्हणजे बांधणाऱ्याने आमची केलेली चेष्टा आहे. इतकी पातळ, की तिकडे चमचा पडला तर मी इकडे वाकून शोधते. माझं शिवणयंत्र त्याच भिंतीला टेकून आहे. त्यामुळे मला चौकश्या करत हिंडावं लागत नाही. बातमी आपल्या पायांनी येते, मी फक्त शिलाई थांबवते. लोक म्हणतात माझ्या जिभेला हाड नाही. आता हाड कुणाच्याच जिभेला नसतं, माझी जरा जास्त वापरात आहे, इतकंच.

गेरूमास्तर हे नाव मीच ठेवलं. ते शाळेत चित्रकला शिकवायचे, पण त्यांना घोडे, फुलं, सूर्योदय, झोपडी असलं काही शिकवायचं नसायचं. त्यांना शिकवायचं होतं गुहेतली माणसं भिंतीवर जे करायची ते. त्यासाठी ते गेरूचे दगड गोळा करायचे, पाट्यावर वाटायचे, चाळायचे, परत वाटायचे. नखं लाल, भुवया लाल, बनियनची काख लाल. त्यांचे कपडे दोरीवर वाळत घातले की खालून जाणारा माणूस दचकून वर बघायचा. मी एकदा वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारलं, “काय हो, एखाद्या दिवशी पोलीस आले तर काय सांगाल?” वहिनी म्हणाल्या, “सांगेन, घेऊन जा. जाताना धुऊन न्या.”

लाल रंग चाळायला त्यांना मऊ कापड लागायचं. ते माझ्याकडून चिंध्या न्यायचे आणि बदल्यात मला गुहेची गोष्ट ऐकवायचे. ती गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की मी स्वतः त्या गुहेत राहत होते असं वाटायला लागलंय. तरुणपणी ते मित्रांबरोबर डोंगरात भटकायला गेले होते. ऊन फार म्हणून एका कपारीत शिरले, आणि डोळे सावरले तेव्हा समोरच्या दगडावर हातच हात. रंगाने काढलेले नव्हेत. कुणीतरी तळवा दगडावर ठेवला होता, भोवती रंग फुंकला होता आणि हात काढून घेतला होता. हाताची जागा तेवढी कोरी राहिली होती. त्यांत एक हात अगदी लहान, कुणा पोराचा, आणि तो सगळ्यांत वर होता.

“म्हणजे काय झालं असेल?” मास्तर मला विचारायचे, जणू मी दर खेपेला नव्याने बुचकळ्यात पडणार आहे.

“कुणीतरी पोराला उचललं असेल,” मी सुईत दोरा ओवत म्हणायचे.

“उचलणारा एक. हात ठेवणारा दुसरा. आणि फुंकणारा तिसरा! हात दिसतो एकाचा, शेजारीणबाई, पण कामाला तिघं लागतात.”

“आणि ऐकायला चौथी. चिंध्या घ्या आणि निघा.”

शाळेत त्यांच्या शनिवारच्या वर्गाची एक अख्खी भिंत अशी होती. नवीन पोर आलं की मास्तर त्याचा तळवा भिंतीवर टेकवायचे. मग वाटीतल्या पातळ रंगात बोरूची एक पोकळ नळी उभी धरायची, दुसरी नळी तिच्या तोंडाशी आडवी लावायची आणि दम धरून फुंकायचं. जोरात फुंकर गेली की रंग उभ्या नळीतून वर चढतो आणि धुक्यासारखा उडतो. हे ऐकायला सोपं आहे. मी करून बघितलं तेव्हा माझ्या साडीवर पावसाळी नकाशा उमटला आणि भिंत कोरी राहिली. फुंकर सलग लागते. मध्ये तुटली की रंग धुकं व्हायचं सोडून ओघळतो. वर्गातल्या सगळ्यांत लहान पोराला मास्तर स्वतः उचलायचे आणि त्याचा हात सगळ्यांत वर लावायचे. तेव्हा फुंकायचं काम वरच्या वर्गातल्या कुणाकडे तरी द्यायचे. वर्षानुवर्षं जमलेले ते हात. त्या वर्गातली काही पोरं आता बाप झाली आहेत.

एक हात मात्र त्या भिंतीवर नव्हता. मी एकदा मुद्दाम शोधला. “मास्तर, तुमचा कुठाय?”

“मी फुंकणारा,” ते म्हणाले. “फुंकणाऱ्याचा कसा असेल?”

आता ज्याने वर्षानुवर्षं दगड वाटले, दगडाची धूळ चाळली, त्याच्या छातीत काय साठणार? मी त्यांना तोंडाला बांधायला फडकं शिवून दिलं होतं. चांगलं दुहेरी कापडाचं, कानाला अडकवायला नाडी लावून. आठवड्याने बघते तर त्याच फडक्यातून गेरू चाळणं चाललं होतं. म्हणे वीण घट्ट आहे, फार बारीक निघतो. मी डोक्याला हात लावला.

पुढे डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून सांगितलं, ही धूळ बसली आहे, ती निघणारी नाही. आता फक्त आणखी बसू द्यायची नाही. दगडांचं नाव काढायचं नाही. आणि श्वास मोकळा व्हायला एक वाफेचं मशीन घरी ठेवायचं. डब्याएवढं मशीन. आत एक पंप असतो, तो हवा जोरात ढकलतो, औषधाचं धुकं होतं आणि माणूस ते मास्कमधून आत ओढतो. मास्तरांनी दगडांचं नाव काढायचं नाही हे कबूल केलं, ते अक्षरशः पाळलं. नाव काढलं नाही, काम चालू ठेवलं.

मशीनची गोष्ट शाळेत कळू द्यायची नव्हती. शाळेत कळू द्यायची नाही म्हणजे मला कळू द्यायची नाही, असा त्यांचा हिशोब. मग भिंतीपलीकडून सकाळ-संध्याकाळ घुर्रर्र घुर्रर्र ऐकू यायला लागलं. मी वहिनींना गाठलं.

“वहिनी, हल्ली मिक्सर फार चालतो. दोन माणसांच्या घरात एवढं काय वाटता?”

वहिनींनी एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “त्यांची फुफ्फुसं,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा अर्धवट बातमी घेऊन घरी परतले आणि ती कुणाला सांगितली नाही.

आता मास्तरांच्या भाचीची ओळख करून द्यायला हवी. बहीण लवकर गेली, तेव्हापासून ही पोर मामाकडेच वाढली. मास्तरांना स्वतःचं मूल नाही. लहानपणी शाळेच्या भिंतीवर सगळ्यांत वरचा पहिला हात हिचाच होता. मामाने उचललं होतं आणि वहिनींनी फुंकलं होतं. पुढे पोर शिकली, यंत्रं जोडायला लागली, लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली आणि त्याच शाळेत रोबोटिक्स शिकवायला लागली. मामाला ती ‘तू’ म्हणते, मामीला ‘तू’ म्हणते, मला ‘काकू’ म्हणते आणि भिंतीकडे तोंड करून म्हणते, “काकू, हळू बोलतेय, पण ऐकू येत नसेल तर सांगा.” माझ्या हाताखाली तयार झालेली आहे.

त्या संध्याकाळी मात्र ती भिंतीशी काही बोलली नाही.

“मामा, मोठ्या बाईंनी आज बोलावलं होतं.” मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका.

“मलाही बोलावलं होतं. मी निरोप पाठवला, रंग भिजलाय, उद्या येतो.”

“तुझ्या वर्गाबद्दलच बोलायचं होतं त्यांना. तुझी खोली लॅबला देणार आहेत.”

“कुठल्या लॅबला?”

मी शिलाई थांबवली.

“माझ्या,” भाची म्हणाली.

मास्तर हसले की खोकले ते भिंतीतून कळलं नाही. मग म्हणाले, “आणि भिंत?”

“तेच सांगतेय. संस्थेची माणसं बघायला येणार आहेत. तुझा वर्ग आणि माझी लॅब मिळून त्यांना काहीतरी करून दाखवू शकली, तर शनिवारचा वर्ग राहील. मोठ्या बाईंनी शब्द दिलाय. नाहीतर भिंतीला चुना.”

“गुहेतल्या माणसाला मोटर जोडायची?”

“मामा, गुहेतल्या माणसाला मोटर मिळाली असती तर त्याने सोडली नसती.”

“हे मात्र खरं,” मास्तर म्हणाले. आणि तिथेच ते अडकले. कारण त्यांना ते खरंच वाटलं. हा माणूस हट्टी असता, दार आपटून घरी बसला असता, तर आज मी हे लिहीत नसते.

मला त्या वर्गात शिरायला कारण मिळालं ते एप्रनचं. पोरांचे कपडे लाल होतात म्हणून मोठ्या बाईंनी एप्रन शिवायला सांगितले. मापं घ्यायला मी दोन शनिवार जाऊन बसले. मापं तर एका तासात झाली होती.

एका बाजूला पाटे, वाट्या, कोळसा, खडू, लाल दगड. दुसऱ्या बाजूला मोटरी, तारांचे गुंते, पुठ्ठे, गरम गोंदाची पिचकारी, लुकलुकणारे दिवे. मास्तर मोटरवाल्या पोरांना दगड वाटायला बसवायचे आणि दगडवाल्यांना भाची तारा सोलायला बसवायची. मध्ये उभा होता एक सांगाडा, पट्ट्यांचा, सांध्यासांध्याला मोटर. टेबलावरून मान वर करायचा, थांबायचा, परत थोडा वर. अगदी पाण्याकाठच्या बगळ्यासारखा. मी म्हटलं, “हा बगळा काय करणार?” आणि पोरांनी नाव उचललं.

बगळ्याच्या चोचीत रंगाची नळी. पोराने हात भिंतीवर ठेवायचा, बगळ्याने हाताभोवती फिरत रंग उडवायचा. फिरायला तो शिकला. मास्तर त्याच्या मानेवर बोट ठेवून भाचीला सांगायचे, “अंगठ्यापाशी घाई करतोय. अंगठ्यापाशी माणूस थांबतो, तिथे खाच असते,” आणि ती लगेच कॉम्प्युटरवर काहीतरी बदलायची. परत फिरवायचं, परत बदलायचं. मामा-भाचीची डोकी एकमेकांना टेकलेली. त्या दोन शनिवारी मास्तर मला दहा वर्षांनी लहान दिसले, आणि मी तसं म्हटलं तर म्हणाले, “एप्रनची मापंही याच डोळ्यांनी घेता का?”

पण बगळ्याला फुंकता येईना. माशांच्या टाकीचा छोटा पंप लावला होता. तो बुडबुडे काढण्याच्या कामाचा. बगळा नुसता थुंकायचा. रंग ओघळायचा आणि पोराचा हात मनगटापर्यंत लाल व्हायचा.

वर्गात एक मुलगी होती, पुढचे दोन दात पडलेली, तिला मी प्रश्नबाई म्हणायचे. ती म्हणाली, “सर, बगळ्याला फुफ्फुसं नाहीत, मग तो फुंकणार कसा?”

“तोच तर घोळ आहे,” मास्तर म्हणाले. “तोवर माझी घ्या.” आणि त्यांनी आपल्या दोन नळ्या चोचीला बांधल्या, आडव्या नळीला तोंड लावलं आणि फुंकायला सुरुवात केली. बगळा फिरतोय आणि त्याच्या मागे मागे वाकून मास्तर फिरतायत. अर्धा हात उमटला. करंगळीपाशी फुंकर तुटली. ते टेबलाला धरून खोकत राहिले, आणि ओठांचा रंग मला अजिबात आवडला नाही.

प्रश्नबाईने प्रश्न विचारला नाही. तिने पाण्याचा ग्लास आणून दिला आणि मग बाकीच्यांना कोपऱ्यात नेऊन काहीतरी कुजबुजली. पुढे कळलं, त्यांचं ठरलं होतं: काही झालं तरी सरांना फुंकायला लागू द्यायचं नाही.

पुढच्या आठवड्यात मास्तर मला जिन्यात भेटले. हातात बाजाराची पिशवी, जड.

“काय चाललंय पिशवीतून?”

“मिक्सर. दुरुस्तीला.”

“शाळेच्या दिशेला कुठला दुरुस्तीवाला?”

“तुमच्या तोंडाचा पट्टा दुरुस्त करणारा सापडला तर तुम्हालाही नेईन,” असं म्हणून ते हसत खाली उतरले. वळणावर थांबले, कठड्याला टेकले, मग पुढे गेले.

मला उमजायला वेळ लागला नाही. औषधाचं धुकं काय आणि रंगाचं धुकं काय, करायची रीत एकच. हवा जोरात ढकलायची. हे त्या माणसाला मास्क लावून बसल्या बसल्या सुचलं असणार. आणि ज्याने आयुष्यभर ते तोंडाने केलं, त्याला ते पटकन ओळखू येणारच.

मी तशीच वहिनींकडे गेले. चपलासुद्धा काढल्या नाहीत. “वहिनी, मास्तर मशीन शाळेत घेऊन गेले!” एवढी तातडीची बातमी मी जन्मात कधी पोचवली नव्हती.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. “माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “पिशवी मीच काढून दिली.”

“अहो, मग अडवलं का नाही?”

“भाचीला सांगितलंय त्यांनी, डॉक्टरांनी दुसरं छोटं दिलंय, हे आता जास्तीचं. तिला खरं वाटलं. तिला वर्ग टिकवायचाय.” त्यांनी एक खडा काढून बाजूला ठेवला. “मशीन घरी ठेवलं असतं तर श्वास घेतला असता त्यांनी. पण ताई, वर्ग गेल्यावर घेतलेल्या श्वासाचं ते करणार काय?”

चपला पायातच होत्या, मी तशीच परत फिरले.

भिंतीपलीकडची घुरघुर थांबली. तिच्या जागी नुसता खोकला. मी शिवणयंत्र जोरात चालवायचे.

संस्थेची माणसं आली त्या दिवशी मी एप्रनची बटणं टाचायच्या निमित्ताने हजर होते. मोठ्या बाई कडक इस्त्रीत. अध्यक्ष म्हणजे गोल चेहऱ्याचे सद्गृहस्थ, सगळ्यालाच ‘वा’ म्हणणारे. मास्तरांनी त्यांना भिंत दाखवली, गुहेची गोष्ट सांगितली, पण मध्ये मध्ये थांबून, आणि तिसऱ्या माणसापर्यंत पोचायच्या आतच मोठ्या बाईंनी घड्याळ पाहिलं.

मग बगळा. प्रश्नबाईने हात भिंतीवर ठेवला. भाचीने बटण दाबलं. टेबलाखालून घुर्रर्र सुरू झालं, माझ्या ओळखीचं. बगळ्याने मान वर केली. रंगाचं असं बारीक, असं सलग धुकं उडालं की माझीसुद्धा ‘अगंबाई’ निघाली. अंगठ्यापाशी तो थांबला, जिथे माणूस थांबतो तिथेच. बोटाबोटाच्या मधून गेला. प्रश्नबाईने हात काढला. इतका नितळ हात त्या भिंतीवर आधी कधी उमटला नव्हता.

टाळ्या. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, चला, वर्ग वाचला.

“वा,” अध्यक्ष म्हणाले. “आणि हे चालवायला कोण लागतं?”

“कोणीच नाही!” प्रश्नबाई म्हणाली. पडलेल्या दातांच्या फटीतून हसत. “नुसतं बटण दाबायचं. आम्ही तसाच बनवलाय. सर, आता तुम्हाला फुंकायला नको!”

पोरांनी परत टाळ्या वाजवल्या. ही टाळी मास्तरांसाठी होती. त्यांनी मास्तरांना भेट दिली होती, इतके दिवस खपून.

मास्तर म्हणाले, “शाबास.” दुसरं काय म्हणणार?

मग त्यांनी सगळ्यांत लहान पोराला जवळ बोलावलं. वरचा हात राहिला होता. त्यांनी वाकून पोराच्या काखेत हात घातले, उचललं, पोर जमिनीपासून वीतभर वर आलं आणि परत खाली. मास्तर बाकावर बसले. कुणीतरी पोराला स्टूल दिलं. बगळ्याला स्टुलापर्यंत मान होतीच.

मोठ्या बाई छान बोलल्या. शनिवारचा वर्ग चालूच राहील. शब्द म्हणजे शब्द. खर्च नाही, माणूस अडकत नाही, लॅबमध्येच सगळं होईल. आणि मास्तरांनी आजवर फार केलं, आता त्यांनी तब्येतीला जपावं. फुलांचा गुच्छ दिला. पोरांनी जाहीर केलं की बगळ्याचं नाव बदललंय, आता त्याला ‘मास्तर’ म्हणायचं. परत टाळ्या. भाचीचा चेहरा मी पाहिला. तिला आत्ता कुठे कळत होतं की काय झालं, आणि तेही अर्धंच.

पुढच्या शनिवारी ते नेहमीच्या वेळी शाळेत गेले. सवयीने, दुसरं काय. फाटकावरच्या शिपायाने प्रेमाने खुर्ची दिली. “बसा ना सर. आत मास्तर चालू आहे, आवाज ऐका.” ते बसले. घुरघुर ऐकत बसले. मग घरी आले. हे मला शिपायानेच सांगितलं, मोठ्या गमतीने, आणि मीही आधी हसले.

“मशीन मागून आणा की,” मी मास्तरांना म्हटलं. “तुमचंच आहे.”

“मुलांच्या वर्गातून काढून आणू? मग वर्ग कशावर चालेल?”

“वर्गात तुम्ही आहात कुठे?”

“वर्ग आहे ना,” ते म्हणाले.

डॉक्टरांकडे गेले नाहीत, नवीन मशीन घेतलं नाही. वहिनी म्हणायच्या, भाची म्हणायची, ते म्हणायचे, बघू. एका दुपारी भिंतीपलीकडे काहीतरी धपकन पडलं आणि या वेळी मी चमचा शोधायला वाकले नाही. मी आणि वहिनींनी मिळून त्यांना खाली आणलं, रिक्षात घातलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी भाचीसमोरच विचारलं, “घरचं मशीन किती दिवस बंद आहे?” वहिनींनी खाली पाहिलं. भाचीने एकदा मामीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तशीच निघून गेली. संध्याकाळी परत आली ती तीच बाजाराची पिशवी घेऊन. बगळ्याच्या पोटातून मशीन उपटून आणलं होतं. तारा लोंबत होत्या. तिने ते टेबलावर ठेवून उघडलं. मशीन जिथून हवा ओढतं तिथली जाळी लाल, आत पंप लाल, नळी लाल. टेबलाखाली, पाट्यांच्या शेजारी बसून ते दर शनिवारी गेरूची धूळ खात होतं. डॉक्टरांनी बघून न बघितल्यासारखं केलं. “हे आता चालणार नाही,” म्हणाले. “आणि चाललं असतं तरी आता याने भागणार नाही.”

मास्तर खाटेवरून म्हणाले, “काढून कशाला आणलंस? मुलं काय करतील?”

“मामा, मला सांगायचंस ना.”

“सांगितलं असतं तर घेतलं असतंस?”

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

पोरांनी पुढे काय केलं तेही सांगते. बगळ्याला पंप नाही म्हणून त्याच्या चोचीत मार्कर दिला. आता तो पाहुणे आले की फळ्यावर ‘स्वागत’ लिहितो. अक्षर बरं आहे. शनिवारचा वर्ग महिनाभर कागदावर राहिला, मग कागदावरूनही गेला. सुट्टीत खोलीला रंग दिला. चुना नव्हे, चांगला महागाचा पांढरा, खालचं काही वर येऊ न देणारा. भाचीने मोठ्या बाईंच्या हातापाया पडून एक कोपरा तरी सोडा म्हटलं. रंगारी सकाळी लवकर आले होते.

हे मास्तरांना कुणी सांगायचं यावर आम्ही तिघींनी बरेच दिवस घालवले. शेवटी त्यांनीच विचारलं, “कोणता रंग दिला?” म्हणजे त्यांना माहीत होतं.

आता ते घरी असतात. खाटेशेजारी ऑक्सिजनचं मोठं यंत्र आहे, ते दिवसभर चालू असतं. मिक्सर म्हणावं असं ते नाही, तो विनोद आता होत नाही. मी जाऊन बसते, गल्लीतल्या भानगडी सांगते, कोण कोणाशी बोलत नाही आणि का. ते डोळे मिटून ऐकतात. पूर्वी अधूनमधून टोमणा मारायचे. आता बोट हलवतात, म्हणजे पुढे सांगा.

परवा दुपारी मी शिवत बसले होते, तर भिंतीपलीकडे फू, फू असा आवाज. मग थांबून परत फू. मी उठून गेले.

भाचीने खाट भिंतीला सरकवली होती. आमच्या त्याच पातळ भिंतीला. वाटीत गेरू भिजवलेला, कुठून तरी त्यांच्या जुन्या नळ्या शोधून आणलेल्या. मास्तरांचा उजवा तळवा वहिनींनी भिंतीवर टेकवून मनगटापाशी धरून ठेवला होता, आणि भाची वाकून फुंकत होती. लहानपणी ज्याने तिला उचललं त्याचा हात ती उमटवणार होती. पण मास्तरांचा प्रत्येक श्वास खांद्यातून येतो, खांद्यातून हातात जातो. हात भिंतीवर ठरेना. आणि तिची फुंकर तुटत होती, कारण ती रडत होती. रंग ओघळला. बोटांच्या जागा दिसायच्या आत मिटल्या. त्यांनी हात काढला तेव्हा भिंतीवर नुसता एक लाल डाग होता, खाली तीन-चार ओघळ.

सवयीने मी म्हटलं, “काय मास्तर, विद्यार्थिनी नापास?”

कुणी हसलं नाही. मास्तरांनी मास्क जरासा बाजूला केला. बोलायला वेळ लागला.

“विद्यार्थिनी नाही,” ते म्हणाले. “हात हलला.”

“मामा, परत एकदा करू,” भाची म्हणाली. तिने वाटी ढवळली, नळ्या धुतल्या, गालावरचं पुसताना गाल लाल केला आणि परत वाकून बसली. “ठेव ना मामा. या वेळी मी नीट फुंकते.”

वहिनींनी पदराने त्यांची बोटं एकेक करून पुसली आणि हात परत भिंतीकडे नेला. मास्तरांनी तो हळूच सोडवून घेतला आणि मांडीवर ठेवून दिला. भाची नळी तोंडाशी धरून वाट बघत राहिली. वाटीतला गेरू तळाला बसायला लागला होता. मास्तरांनी हात उचलला नाही.